घोड्यांना नावं होती

आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं काम शिरीष बघतो. जानेवारीत त्याचा फोन आला. वानखडे मॅडम अमरावतीला वारल्याचं त्याला कुणाकडून तरी तीन आठवड्यांनी कळलं होतं. म्हणाला, तू लिही रे, तुझंच त्यांच्याकडे जाणं-येणं होतं. अर्धं पान पुरे. जरा छान लिही, वाद नको.

मी अर्धं पान लिहून दिलं. विद्वान, साध्या, शिस्तीच्या, मुलांवर माया करणाऱ्या. यातलं खोटं काहीच नाही, पण त्यात मॅडम कुठे दिसत नाहीत आणि मीही दिसत नाही. दुसऱ्या गोष्टीचं मला बरंच वाटलं, आणि बरं वाटलं याचीच मग लाज वाटायला लागली. म्हणून हे दुसरं लिहितोय. मी फार बोलणारा माणूस नाही. सतरा वर्षं जपानात काढली, त्यात ही सवय आणखी पक्की झाली. इथे न बोलण्याला कोणी नावं ठेवत नाही.

नलिनी वानखडे हे त्यांचं नाव. अर्थशास्त्राच्या इतिहासाच्या अभ्यासक. तोक्योतल्या एका विद्यापीठात मुदतीच्या नोकरीवर आल्या होत्या. मुदत संपली तरी परत गेल्या नाहीत. भाषांतरं करायच्या, एका कॉलेजात आठवड्याला दोन तास शिकवायच्या आणि फुनाबोरीत एका खोलीत राहायच्या. खोलीत कपाट नव्हतं. पुस्तकं सफरचंदांच्या खोक्यांत असायची आणि खोक्यांवर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं: कापूस, कोळसा, ऊस, रेशीम. जुने दस्तऐवज जपणाऱ्या ठिकाणी पेन आत नेऊ देत नाहीत, म्हणून त्या कायम पेन्सिलच वापरायच्या आणि ती अंबाड्यात खोचून ठेवायच्या. कधीकधी दोन-दोन असायच्या आणि तिसरी शोधत असायच्या. कुडता, त्यावर पुरुषी कोट, पायात कॅनव्हासचे बूट. सायकल सावकाश चालवायच्या, इतकी सावकाश की बाजूनं चालणारा माणूस पुढे जायचा.

चहात मात्र साखर तीन चमचे. एकदा माझी बायको थट्टेनं म्हणाली, मॅडम, उसाच्या मळ्यातल्या गुलामांवर एवढं वाचता आणि साखर सुटत नाही. मॅडम म्हणाल्या, "खायची लाज नाही वाटत मला. कुठून आली ते लपवायची वाटते. उपास करून कोणी सुटत नसते, बाई."

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते मंडळाच्या एका कार्यक्रमात. विषय होता, जपानच्या प्रगतीचं रहस्य. आम्ही सगळे आयटीवाले, बहुतेक पुण्या-मुंबईचे. गाड्या वेळेवर येतात, कचरा वेगवेगळा ठेवतात, शाळेत मुलं स्वतः वर्ग झाडतात, असं काहीतरी ऐकायला आलो होतो. ऐकून मान डोलवायची आणि मग बटाटेवडे खायचे. मॅडम उभ्या राहिल्या आणि सुरुवात केली अमरावतीपासून. अमेरिकेत लढाई जुंपली, गुलामांनी पिकवलेला कापूस विलायतेला पोचेना, तेव्हा तिथल्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. मग आमच्याकडे जिनिंगं आली, आगगाडी आली. म्हणजे माझ्या गावाचं भाग्य उघडलं, त्या म्हणाल्या, ते हजारो कोसांवर गुलामांनी पिकवलेला कापूस चार वर्षं बंदरात अडकला म्हणून. तिथून त्या जपानवर आल्या. होक्काइदोचे पहिले रस्ते, पहिल्या कोळशाच्या खाणी. तिकडच्या थंडीत मोकळा माणूस जायला तयार नव्हता, म्हणून कैदी नेले. एका साखळीत दोघं.

"नव्या देशाकडे भांडवल नसते," त्या म्हणाल्या. "मग त्याला असा माणूस लागतो, ज्याला नाही म्हणता येत नाही. अमेरिकेनं तो विकत आणला. यांनी तुरुंगातून काढला. त्यानं फुकट फोडलेला कोळसा जहाजात गेला, गिरणीत गेला. मग त्यानंच केलेल्या रस्त्यावरून मोकळी माणसं आली आणि म्हणाली, केवढी प्रगती."

 मागून एक गृहस्थ उठले, बँकेच्या प्रणालीवर काम करणारे. ते म्हणाले, पण मॅडम, या लोकांची शिस्त तर मानाल की नाही? मॅडम म्हणाल्या, मानते, माझा कचरा मी तुमच्यापेक्षा नीट लावते. पण शिस्तीनं डोंगर फुटत नाही, भाऊ. त्याला माणसं लागतात. लोक हसले. त्यानंतर मंडळानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं नाही. शनिवारचा मुलांचा मराठीचा वर्ग मात्र दिला, कारण तो घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

त्या वर्गात त्यांचा एकच खेळ चालायचा. कशाकडेही बोट दाखवायचं आणि विचारायचं, हे कोणी केलं? मुलं जपानीत उत्तरं द्यायची, मॅडम ती मराठीत म्हणून घ्यायच्या. एकदा मुलांना घेऊन कालव्याकाठी गेल्या. हा कालवा कोणी खणला? मशीननं. मशीन कोणी आणलं? कंपनीनं. मशीन यायच्या आधी कोण खणत होतं? माझी सानिका तेव्हा आठ वर्षांची होती. ती खूप विचार करून म्हणाली, कोम्बिनीतले काका. आमच्या कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानात, एक म्हातारा नेपाळी माणूस दिवसभर खोकी उतरवायचा, तो तिच्या डोळ्यांसमोर होता. मॅडम ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस सांगत होत्या. म्हणायच्या, माझ्या पीएचडीच्या परीक्षकांनासुद्धा एवढं कळलं नव्हतं.

आता माझ्याकडे येतो. मी कावासाकीत एका आयटी कंपनीत ब्रिज इंजिनियर आहे. जपानी ग्राहक आणि पुण्यातली टीम यांच्यामध्ये उभं राहायचं, हे माझं काम. ग्राहक जे म्हणतो ते टीमला सांगायचं. ग्राहक जे म्हणत नाही तेही ओळखून सांगायचं. या दुसऱ्या भागासाठीच मला पगार मिळतो.

आमचा एक ग्राहक होता, जुना उद्योगसमूह. त्याचं नाव लिहीत नाही, आणि माझ्या गोष्टीत त्याचा दोष फारसा नाहीही. होक्काइदोतल्या एका कोळशाच्या खाणीपासून त्यांची सुरुवात झाली होती. जपानी कंपन्यांमध्ये मोठ्या वर्धापनदिनाला कंपनीचा इतिहास छापायची पद्धत आहे. जाड, पुठ्ठ्याच्या पेटीतलं पुस्तक. कंपनीच्या लोकांना वाटतात, ग्रंथालयांना भेट देतात. यांना जपानीबरोबर एक इंग्रजी खंडही हवा होता. जुने कागद स्कॅन करायचं काम आमच्याकडे होतं. इंग्रजी खंडातलं सुरुवातीच्या काळावरचं प्रकरण कोण लिहील, असं मोरिता-साननी विचारलं. ते या कामाचे प्रमुख. मी मॅडमचं नाव सुचवलं. यात माझाही स्वार्थ होता. ग्राहकाला चांगला माणूस मिळवून दिला की आपली पत वाढते.

कागदांत खाणीच्या पहिल्या अभियंत्याची रोजनिशी होती. जुन्या वळणदार लिपीत, जी आताच्या जपानी माणसांनाही वाचता येत नाही. मॅडमना मोडी यायची. त्या म्हणायच्या, ज्यानं मोडी सोसली त्याला काहीही सोसतं. दोन महिने त्या रोजनिशीला बसल्या. एक दिवस ऑफिसात आल्या, कोट न काढताच माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हेमंतराव, घोड्यांना नावं आहेत.

मला कळलं नाही. त्यांनी दाखवलं. खाणीतून कोळसा ओढायला सहा घोडे होते. त्या अभियंत्यानं प्रत्येकाचं नाव लिहिलं होतं. कोणाचा खूर दुखावला, कोणाला जास्त चारा दिला, एक मेला तेव्हा त्याला कुठे पुरलं. माणसांचे मात्र फक्त क्रमांक. आज चोपन्न नंबर मेला, त्याच्या साखळीला बासष्ट नंबर जोडला. आवाज न चढवता मॅडम वाचत होत्या. माझ्या शेजारचे इतर लोक मान खाली घालून कीबोर्ड बडवत होते आणि मला, खरं सांगतो, एवढंच वाटत होतं की यांनी जरा हळू बोलावं.

त्यानंतर त्यांना त्या माणसांची नावं हवी होती. खाणीजवळ एक बौद्ध देऊळ आहे आणि तिथे मेलेल्यांची जुनी नोंद असते, असं त्यांनी शोधून काढलं. फेब्रुवारीत आम्ही दोघं गेलो. मी जपानी बरी बोलतो म्हणून त्यांनी मला नेलं. दोन गाड्या, एक बस आणि मग अर्धा तास बर्फातून चाल. पुजारी साठीचे, सौम्य. पण नोंद दाखवायला त्यांनी नकार दिला. कैद्यांच्या नातवा-पणतवांना त्रास होऊ नये म्हणून अशा नोंदी बाहेरच्यांना दाखवत नाहीत. मी लगेच माफी मागून उठायला लागलो. मॅडम बसून राहिल्या. त्यांचे गुडघे दुखत होते, पुजाऱ्यांच्या पत्नीनं त्यांना खुर्ची दिली होती. थोड्या वेळानं त्यांनी आपल्या ताठर जपानीत विचारलं, तुम्ही त्यांच्यासाठी मंत्र म्हणता का? पुजारी म्हणाले, वर्षातून एकदा. कोणाच्या नावानं? सगळ्यांच्या मिळून. मॅडम म्हणाल्या, मग आज एकदा एकेकाच्या नावानं म्हणाल का? मी ऐकेन.

पुजारी उठले. मग आत जाऊन वही घेऊन आले, ती आमच्याकडे पाठ करून धरली आणि घंटा वाजवून म्हणायला लागले. एकेक नाव, मागोमाग घंटेचा टोला. मॅडमनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. ऐकताना सगळ्यात भरभर त्यांना देवनागरीत लिहिता यायचं, म्हणून देवनागरीत लिहिलं. सदतीस नावं. त्या काळच्या जपानी कैद्यांची, वऱ्हाडी अक्षरात. निघताना पुजारी म्हणाले, नावं छापा, पण गावं छापू नका, देवळाचं नावही नको. मॅडमनी वाकून नमस्कार केला, आपला, हात जोडून.

परतीच्या गाडीत त्यांनी डबा उघडला. भाकरी आणि ठेचा. खाताखाता सहज सांगितलं की त्यांचे आजोबा सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, वर्षभर मालकाच्या गोठ्यात मुक्काम. बिनापुसता बाजारालाही जायचं नाही. "शब्दांचा गोंधळ नाही करायचा," त्या म्हणाल्या. "गुलाम वेगळा, कैदी वेगळा, सालगडी वेगळा. माझा आजा मालकाला विकता येत नव्हता. पण त्याले नाईही म्हणता येत नव्हतं. मी सारी जिंदगी त्याच एका गोष्टीच्या मागं आहे, दुसरं काही नाही." मग मला विचारलं, तुमच्याकडे शेती होती का?

मी म्हणालो, नाही, आम्ही पुण्याचे. ते खरं होतं. पण माझी आई यवतमाळकडची. मामांची मोठी शेती होती, मी दर सुट्टीत तिथे जायचो. त्यांच्या बैलांची नावं मला अजून आठवतात, बांड्या आणि चंद्र्या. मला खांद्यावर घेऊन विहिरीवर नेणारा जो गडी होता, त्याचं नाव मी तेव्हा त्या गाडीत बसून आठवून पाहिलं. आठवलं नाही. ते मी मॅडमना सांगितलं नाही. 

त्यांचं प्रकरण तयार झालं. अठरा पानं, त्यातली शेवटची सात कैद्यांवर, आणि शेवटच्या पानावर सदतीस नावं. मी आजवर वाचलेलं ते सगळ्यात शांत लिखाण आहे. कुठे आरोप नाही. खाण कोणी खणली, कशी खणली, त्या कोळशावर पुढे काय काय उभं राहिलं, एवढंच. तेच एक काम त्यांनी मरेपर्यंत महत्त्वाचं मानलं. बाकी लेख वगैरे त्यांना किरकोळ वाटायचे. म्हणायच्या, ज्यांनी खोदून घेतलं त्यांच्याच पुस्तकात ही नावं आली पाहिजेत. माझ्या पुस्तकात येऊन काय उपयोग.

आता इथली एक रीत सांगायला हवी. जपानी ऑफिसात बैठकीत काही ठरत नाही. बैठकीच्या आधी एकेकाला वेगळं भेटायचं, त्याचं मन बघायचं, त्याची अडचण ऐकायची, होकार घ्यायचा. याला नेमावाशी म्हणतात. झाड दुसरीकडे लावायचं असेल तर आधी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करतात, तो हा शब्द. बैठकीत फक्त आधी ठरलेलं ऐकवायचं. मॅडमना हे माहीत होतं, पण जमत नसे. त्या मला म्हणाल्या, "ते आधी भेटायचं-बिटायचं तुम्ही बघा, हेमंतराव. मी गेली तर भांडून येईन."

मी म्हणालो, बघतो.

चार जणांना भेटायचं होतं. पहिले मोरिता-सान. त्यांनी प्रकरण वाचलं होतं. मान तिरकी करून दातांतून हवा ओढली आणि म्हणाले, अवघड विषय आहे. बस, एवढंच. नको म्हणाले नाहीत, काढा म्हणाले नाहीत. त्यांना काय अडचण आहे ते विचारायचं, मॅडमची बाजू सांगायची, हे माझं काम होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून आलं, गरज वाटली तर लहान करता येईल. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झाला, आणि त्यांचा ताण गेलेला बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. दुसऱ्याकडे गेलो तेव्हा मी सुरुवातच तिथून केली, की मोरिता-साननाही जरा जड वाटतंय. तिसऱ्याकडे म्हणालो, नावांना दाखवण्यासारखा आधार नाही, देवळाचं नाव छापता येत नाही. हे मीच सांगितलं. तोवर कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

चौथे ओनुमा-सान. निवृत्तीला आलेले, त्याच खाणीच्या गावात जन्मलेले. त्यांनी ती पानं समोर ठेवली होती. म्हणाले, आम्हाला लहानपणी घोड्यांच्या कबरीवर फुलं वाहायला नेत. माणसांचं कोणी सांगितलं नाही. मग ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्या माणसाला काहीतरी म्हणायचं होतं. मी नुसता गप्प बसलो असतो तरी ते म्हणाले असते. पण मी घाईघाईनं म्हणालो की बाकी तिघांचं मत पानं कमी करावीत असं आहे. ओनुमा-साननी पानं सारखी केली, टेबलावर हलकेच आपटून कडा जुळवल्या आणि माझ्याकडे सरकवली. म्हणाले, सगळ्यांचं तसं मत असेल तर माझी हरकत नाही.

मला कोणी सांगितलं नव्हतं. हे मला नीट लिहायचं आहे, कारण इतकी वर्षं मी स्वतःला वेगळं सांगत आलो. पुढचं काम आमच्या कंपनीला मिळायला हवं होतं, पुण्यात नऊ जण त्यावर होते, हे सगळं खरं आहे. पण त्या चौघांपैकी एकानंही ती पानं काढा म्हटलं नाही. मी त्यांच्या मनातलं ओळखायला गेलो आणि माझ्याच मनातलं त्यांच्या तोंडी घातलं. इथे सहीऐवजी शिक्का मारतात; मंजुरीच्या कागदावर बदल सुचवणाऱ्याच्या चौकोनात पहिला शिक्का उमटला तो माझा, परक्या नावांसाठीच्या कातकाना लिपीत माझं आडनाव केरुकारु असं लिहिलेला. बाकीचे चार त्याच्यामागून आले.

सात पानांच्या जागी एक वाक्य आलं. अगणित लोकांच्या अथक परिश्रमांतून ही खाण उभी राहिली. इंग्रजीत ते फार छान वाटतं. ते मी लिहिलं.

मग बैठक झाली. मॅडम त्या दिवशी साडी नेसून आल्या होत्या, आतून लोकरीचे कपडे, वर कोट. वीस मिनिटं बोलल्या. शेवटी नावं वाचून दाखवली, देवनागरीतून. सगळ्यांनी वाकून आभार मानले. ओनुमा-सान खाली बघत होते. बाहेर आल्यावर मॅडम इतक्या खूश होत्या की स्टेशनाजवळ त्यांनी मला बळंच आईस्क्रीम खाऊ घातलं, मार्चच्या थंडीत. म्हणाल्या, कोणी एक शब्द आड आला नाही, हेमंतराव. तुम्ही माती चांगली मोकळी केली.

मी आईस्क्रीम संपवलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा एक प्रत त्यांच्याकडे गेलीच. दोन दिवसांनी त्या कावासाकी स्टेशनाच्या गेटबाहेर मला भेटायला आल्या. ऑफिस सुटायची वेळ, माणसांचा लोंढा, त्यात त्या खांबाला टेकून उभ्या. हातात ते जड पुस्तक, पेटीसकट. मला तयारी करायला वेळच मिळाला नाही.

"एकच विचारते," त्या म्हणाल्या. "तुले आधी माहीत होतं का?"

त्या मला कधी तू म्हणाल्या नव्हत्या.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओळखतील. पण त्यांचा चेहरा सैल झाला. म्हणाल्या, मग जाऊ द्या, मीच तुम्हाला यात ओढलं. तुमच्या नोकरीवर तर काही आलं नाही ना? मी मान हलवली. मग त्यांनी ते पान उघडून त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कोणी लिहिलं असेल हो? इंग्रजी चांगलं आहे. खाली माझं नाव आहे, म्हणजे लोक म्हणतील मीच लिहिलं. मी म्हणालो, एखाद्या एजन्सीनं केलं असेल. त्या हो हो म्हणाल्या. ज्या बाईनं आयुष्यभर प्रत्येक वस्तूला विचारलं की हे कोणी केलं, तिला मी समोर उभा असताना दिसलो नाही. किंवा दिसलेलं तिनं मला कळू दिलं नाही. हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जाणं टाळलं. एका सुट्टीच्या सकाळी सानिकाची पुस्तकं परत करायला आमच्या वॉर्डातल्या ग्रंथालयात गेलो होतो. वरच्या मजल्यावर कंपन्यांच्या इतिहासाचं एक कपाट आहे. तिथे मॅडम उभ्या होत्या. तेच पुस्तक त्यांनी पेटीतून काढलं होतं आणि घडी घातलेली काही पानं आत सरकवत होत्या. ती त्यांचीच सात पानं होती, कोम्बिनीतल्या यंत्रावर छापलेली. त्यांनी मला पाहिलं. दचकल्या नाहीत, उलट खूश झाल्या. जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं की बऱ्याच ग्रंथालयांत झालं, आज इचिकावाला जायचं आहे. पिशवीतून एक संच काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"कावासाकीच्या मोठ्या ग्रंथालयात तुम्ही ठेवा," त्या म्हणाल्या. "कंपन्यांचे इतिहास वाचणारे सारे तिथंच येतात. तेच महत्त्वाचं. मले तिथं सगळे ओळखतात, माझ्यावर नजर राहील. तुम्हाले कोण विचारणार?"

मी पानं घेतली. ठेवतो म्हणालो.

त्या पुढल्या वसंतात भारतात परत गेल्या. निरोपाच्या दिवशी मी ओसाकाला काम काढलं. मध्यंतरी कामासाठी इचिकावाला गेलो असताना तिथल्या ग्रंथालयात डोकावलो. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला कुणीतरी, बहुधा तिथल्याच कर्मचाऱ्यानं, एक पाकीट चिकटवलं होतं. मॅडमची पानं त्यात नीट ठेवली होती आणि पाकिटावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: परिशिष्ट. त्या माणसाला कोणी सांगितलं नव्हतं. कावासाकीचं ग्रंथालय माझ्या ऑफिसपासून फार लांब नाही. तिथे मी अजून गेलेलो नाही. पानं माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

त्या सकाळी माझ्या हातात पानं देऊन त्या जिना उतरून गेल्या. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. सायकलचं कुलूप लवकर उघडेना. त्यांनी हातमोजा दातांनी ओढून काढला, कुलूप उघडलं, पिशवी पुढच्या टोपलीत ठेवली आणि ती पडू नये म्हणून वर कोट टाकला. थंडी होती, कोट अंगावर हवा होता. मग त्या त्यांच्या त्या सावकाश चालीनं निघाल्या. कोपऱ्यावर सिग्नल लाल होता. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा होता, एकही गाडी नव्हती, पण त्या एक पाय टेकवून थांबून राहिल्या. मी खाली धावत गेलो असतो तर त्यांना गाठता आलं असतं. सिग्नल बराच वेळ लाल होता.

मग तो हिरवा झाला.